केनिलवर्थची सोंगे

इंग्लंडातील वॉरिकशर परगण्यात केनिलवर्थ गावाच्या कडेला तांबड्या वालुकाश्माचा एक भग्न किल्ला उभा आहे. उन्हाळ्यात तेथे भरणाऱ्या मध्ययुगीन उत्सवाविषयी आमच्या विद्वान मित्रमंडळींचे मत फारसे अनुकूल नाही. शनिवार-रविवारपुरते सरदार झालेले कारकून, ध्वनिक्षेपकावरून पुकारला जाणारा द्वंद्वाचा निकाल आणि तंबूतला कागदी पेल्यातील चहा, यांत इतिहास किती आणि करमणूक किती, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. परंतु मध्ययुग तेवढे अस्सल आणि त्याची नक्कल तेवढी आपली, हे जे त्यामागचे गृहीत, ते निदान या किल्ल्यापुरते तरी टिकत नाही.

१२६५ च्या ऑगस्टात ईव्हशॅमच्या रणांगणावर बंडखोर सरदारांचा पुढारी सायमन द माँफर्ट पडला, तरी त्याचे अनुयायी केनिलवर्थ धरून राहिले, आणि तिसऱ्या हेन्री राजाला पुढील वर्षी जूनपासून डिसेंबरपर्यंत येथे वेढा घालून बसावे लागले. बांध घालून अडवलेल्या पाण्याने किल्ल्याला संरक्षण दिले होते, त्यामुळे चेस्टरहून आणवलेल्या पडावांचीही मात्रा चालली नाही. अखेर पोपच्या वकिलाने बंडखोरांना धर्मबहिष्कृत केले, तेव्हा शिबंदीतील एक शल्यवैद्य वकिलासारखाच पांढरा झगा चढवून तटावर उभा राहिला, आणि त्याने राजासकट वकिलालाही उलट बहिष्कृत करून टाकले! ही नक्कल खुद्द तेराव्या शतकातील आहे. पुढे तेराच वर्षांनी, १२७९ साली, ईव्हशॅमला राजपक्षाकडून लढलेल्या रॉजर मॉर्टिमरने याच किल्ल्यात शंभर सरदार आणि शंभर स्त्रिया जमवून आर्थर राजाच्या गोलमेजाचा थाट मांडला. म्हणजे ज्यांची आपण आज सोंगे आणतो, ते स्वतः त्यांच्याही पूर्वीच्या, बहुधा कधीच नसलेल्या, एका काळाची सोंगे आणत होते.

या परंपरेचा कळस झाला तो १५७५ च्या जुलैत. पहिल्या एलिझाबेथ राणीने आपला आवडता सरदार रॉबर्ट डडली याच्याकडे येथे एकोणीस दिवस मुक्काम केला. ती किल्ल्यात शिरत असताना मशालींनी उजळलेल्या तरंगत्या बेटावरून सरोवराची देवी सामोरी आली, आणि आर्थरच्या काळापासून राखलेले हे तळे आता आपल्या चरणी अर्पण असल्याचे तिने निवेदन केले. राणीही कमी नव्हती. तळे आपलेच आहे अशी आजवर आमची समजूत होती, असे तिने उत्तर दिल्याचे त्या वेळच्या वृत्तांतात नमूद आहे. मुक्कामभर बुरुजावरील घड्याळाचे काटे दोनावर थांबवून ठेवले होते. कालप्रवाह अडवण्याची ही हौस आजच्या उत्सवाचे व्यवस्थापकही इतक्या थाटाने भागवू शकणार नाहीत.

किल्ला पडका झाला तो काळाच्या नव्हे, माणसाच्या हातून. यादवी युद्ध संपल्यावर, १६४९ च्या सुमारास, पार्लमेंटाच्या पक्षाने बालेकिल्ल्याच्या मोठ्या बुरुजाची उत्तरेकडील भिंत पाडली आणि तळे वाहवून टाकले, जेणेकरून या जागेचा पुन्हा कोणी लष्करी उपयोग करू नये. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या कित्येक गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगाने उडवले ते याच हेतूने; त्यांना ही विद्या घरचीच होती. फरक पडला तो पुढे. टिळकांनी १८९६ मध्ये रायगडावर उत्सव भरवला तेव्हा तो खेळ नव्हता, कारण गेलेले राज्य कोणाकडे गेले हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. केनिलवर्थच्या प्रेक्षकाचे तसे काहीच गहाण पडलेले नाही, म्हणून तो निळ्या ढालीचा जयजयकार करता करता तांबड्या ढालीकडेही निश्चिंतपणे वळतो. या निश्चिंतीचा मला, खरे सांगायचे तर, थोडा हेवा वाटला.

रिंगणाबाहेर एका स्वाराला चिलखत चढवले जात होते. हे काम एकट्याचे नव्हे: मदतनीस प्रथम पायांचे पत्रे बांधतो, मग छातीचे, मग बाहूंचे, आणि प्रत्येक तुकडा आतल्या जाड अंगरख्याला चामडी वाद्यांनी आवळतो, एक वादी सैल राहिली की खांद्याचा पत्रा मानेवर घासू लागतो, आणि एरवी रुबाबदार दिसणारा तो वीर लहान मुलासारखा कुरकुरतो. भाल्याचे टोक बाल्सा या हलक्या लाकडाचे असते, आघाताबरोबर त्याच्या चिरफळ्या उडतात आणि मुले त्या वेचायला धावतात. दुखापत टळावी म्हणून केलेली ही योजना मला कोठेच खोटी वाटली नाही. बोथट शस्त्रांनी खेळण्याची वहिवाट सरदारांच्या काळातही होतीच.

उत्सवात जे दिसत नाही ते निराळेच. वेढा मोडला तो शौर्याने नव्हे. आत अन्न संपले आणि रोगराई माजली म्हणून. आणि ३१ ऑक्टोबर १२६६ रोजी जो हुकूमनामा निघाला, त्याच्या कलमांप्रमाणे बंडखोरांना आपल्या जप्त जमिनी दंड भरून सोडवून घेण्याची मुभा मिळाली; अनेकांच्या बाबतीत हा दंड वार्षिक उत्पन्नाच्या पाचपट होता. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपल्याकडची म्हण त्या शिबंदीला कोणी समजावून सांगायला नको होती.

१५७५ च्या त्या सोहळ्यात कॉव्हेंट्रीचे नागरिकही आले होते. डेन लोकांच्या पराभवाचे त्यांचे पिढीजात नाट्य धर्मोपदेशकांच्या कडव्या विरोधामुळे बंद पडले होते, ते राणीपुढे करून दाखवावे आणि पुन्हा चालू करण्याची परवानगी मिळवावी, हा त्यांचा बेत. म्होरक्या कॅप्टन कॉक्स हा पेशाने गवंडी. पहिल्या दिवशी राणीचे लक्ष महालातील नृत्याकडे असल्याने तिने फारसे पाहिले नाही, म्हणून मंगळवारी खेळ पुन्हा करवून घेतला, आणि बिदागी दिली दोन हरणे व पाच मार्क. गवंड्याची ती मंडळी त्यावर खूश होऊन परतली. आजचे हौशी सरदार मात्र बहुधा चिलखत स्वतःच्या पगारातून करवतात, आणि त्यांना हरीण द्यायला आता किल्ल्यात कोणी राहत नाही.