भार न घालता

मोटार भाराखाली कशी चालेल, हे तिच्यावर भार न घालता सांगता येतं का? जडवादी तत्त्वज्ञ चार्वाक नाही म्हणेल. प्रत्यक्षाखेरीज त्याला प्रमाणच मान्य नाही. डीसी मोटारीची स्विनबर्न चाचणी मात्र नेमकं हेच करते. समजा, 220 व्होल्टची शंट मोटार रिकामी फिरताना 5 अँपिअर घेते. 1 फील्डमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या गुंडाळीत, आणि 4 आर्मेचरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात. आर्मेचरचा रोध 0.25 ओहम. फिरण्यातूनच आर्मेचरमध्ये उलटा दाब, म्हणजे बॅक ईएमएफ, तयार होतो. इथे तो 219 व्होल्ट, म्हणून प्रवाह इतका थोडा. घेतलेल्या 1100 वॉटमधून आर्मेचरच्या तारा तापवणारे 4 वॉट वजा केले की घर्षण, वारा, लोखंड आणि फील्ड यांचा खर्च उरतो: 1096. तो भारानुसार बदलत नाही असं धरलं, तर 41 अँपिअरला एकूण ऱ्हास 1496 वॉट आणि कार्यक्षमता सुमारे 83 टक्के.

हे खरंखुरं ज्ञान आहे, असं माझं ठाम मत आहे. ब्रेक लावून मोजा, असं चार्वाक सुचवेल. पण तिथेही डोळ्यांना दिसतो तो ताणकाट्यावरचा आकडा, टॉर्क त्यावरून आणि चाकाच्या त्रिज्येवरून काढावाच लागतो. अनुमानाची खरी अडचण नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कज्ञांनी, ओळखली होती. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, ओलं सरपण लागतं. अशी लपलेली अट म्हणजे उपाधी. इथली उपाधी आहे स्थिर चुंबकीय क्षेत्र. शंट मोटारीचं फील्ड थेट पुरवठ्यावर असल्याने ती अट बहुतांशी पाळली जाते. सिरीज मोटारीत आर्मेचरचाच प्रवाह फील्डमधून जातो. भार काढला की क्षेत्र दुबळं होतं आणि तेवढाच बॅक ईएमएफ उभा करण्यासाठी मोटार धोकादायक वेग गाठते. तिथे ही चाचणी करूच नये.

पूर्ण भाराला ब्रशपाशी ठिणग्या उडतील का, मोटार किती तापेल, हे स्विनबर्न चाचणी सांगत नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्या गोष्टींची व्याप्ती, म्हणजे अनुमानाला लागणारा अटळ संबंध, तिने सिद्धच केलेली नसते. त्यासाठी हॉपकिन्सन चाचणीत दोन सारखी यंत्रं जोडतात. एक मोटार म्हणून चालतं, दुसरं जनित्र बनून तिलाच वीज परत देतं, आणि पुरवठ्यातून फक्त ऱ्हासापुरती वीज लागते. दोन्ही यंत्रं खरोखर भाराखाली तापतात, ब्रश समोर दिसतात. तरीही लोखंडाचा आणि घर्षणाचा ऱ्हास दोघांत निम्मा-निम्मा वाटला गेला असं धरावं लागतं, आणि दोघांची फील्ड मात्र वेगवेगळ्या प्रवाहावर चाललेली असतात.