निकालाखाली सही कोणाची?

आम्ही बालाघाटच्या न्यायालयात वकिली करतो. १९५६ पूर्वी आमच्या जिल्ह्याचे उच्च न्यायालय नागपुरास होते. पुढे ते जबलपुरास आले. न्यायासनाचे ठिकाण बदलले, तरी त्यावर माणूसच बसणार, याविषयी कोणास शंका नव्हती. आज ती शंका उत्पन्न झाली आहे.

मूळचे नागपूरचे आणि काही काळ मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती असलेले शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, २०२१ साली, सर्वोच्च न्यायालयात ‘सुपेस’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली सुरू झाली. कागदपत्रांतील माहिती वेचून न्यायाधीशापुढे ठेवणे एवढेच तिचे काम. निर्णय न्यायाधीशाचाच, हे तेव्हाच स्पष्ट करण्यात आले होते. तथापि साह्य कोठे संपते आणि निर्णय कोठे सुरू होतो? २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने एक करआकारणी रद्द केली. कारण तिला आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुरविलेली माहिती पडताळल्यावाचून वापरू नये, अशी समजही न्यायालयाने दिली. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांस अशा साधनांवरून निर्णय देण्यास मनाई केली.

यावर कोणी म्हणेल, यंत्र आज चुकते, उद्या सुधारेल. आणि माणूस काय चुकत नाही? हा आक्षेप खरा आहे. आमच्याच राज्यातील मोतीराम या गवंड्यास सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला असता, दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता परजिल्ह्यातील म्हणून त्याची हमी नाकारली. यंत्राने याहून अधिक यांत्रिक काय केले असते? परंतु नकाराचे कारण उघड होते, म्हणूनच त्यावर वाद करता आला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट मोडून त्यास एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडविले.

आमच्या मते मर्म येथेच आहे. न्याय म्हणजे केवळ अचूक उत्तर नव्हे. ज्याचे स्वातंत्र्य जाणार, त्यास ‘का?’ असे विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास कोणीतरी बांधलेला असावा लागतो. म्हणूनच निकालात कारणे लिहावीत, तो उघड न्यायालयात सुनवावा आणि त्यावर न्यायाधीशाने सही करावी, असे कायदा सांगतो. फाशीची शिक्षा लिहिल्यावर लेखणीचे टोक मोडण्याचा प्रघात आहे. ज्यास काही मोडावेसे वाटत नाही, त्याच्या हाती ती लेखणी कशी द्यावी?

तारखांमागून तारखा पडतात तेव्हा शीघ्र निकालाचा मोह आम्हांसही होतो, हे कबूल केले पाहिजे. यंत्राने खुशाल भाषांतर करावे, निवाडे शोधावेत, दप्तर लावावे. मात्र बैहरच्या रानातून आलेला, ज्याच्यापाशी जमिनीचा कागद नाही की जामीनदार नाही, असा आरोपी पिंजऱ्यात उभा राहील, तेव्हा त्याच्याकडे मान वर करून पाहणारे कोणीतरी समोर असावे. त्याचा निर्णय चुकला, तर त्याला जाब विचारता येईल.