अर्जातलं आधीचं नाव

पासपोर्टच्या अर्जात नाव आणि जन्मतारखेच्या आसपास दोन साधे प्रश्न असतात. तुम्ही पूर्वी दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जात होता का? तुम्ही कधी नाव बदललं आहे का? बहुतेक जण ‘नाही’ म्हणून पुढे सरकतात. सातारा जिल्ह्यातल्या काही तरुणींना इतक्या सहज पुढे जाता येत नाही. 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात एका जाहीर कार्यक्रमात 285 मुलींना नवी नावं देण्यात आली. तोवर त्यांचं नाव होतं नकुशा किंवा नकोशी. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं नाव. त्या वेळी शाळेत जाणाऱ्या मुली आज सज्ञान आहेत, स्वतःच्या सहीने अर्ज करू शकतात. त्या अर्जात खरं लिहायचं तर जे नाव जिल्ह्याने समारंभ करून पुसलं, तेच पुन्हा स्वतःच्या हाताने लिहावं लागतं.

जे गेलं ते कशाला उकरायचं, ‘नाही’ लिहून मोकळं व्हावं, असं मायेने सांगणारेही भेटतील आणि अर्ज भरून देणारे एजंटही तेच सांगतील. त्यातली माया खरी आहे, सल्ला चुकीचा आहे. पासपोर्ट कायद्याच्या बाराव्या कलमानुसार जाणूनबुजून खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती लपवणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण शिक्षेच्या भीतीने खरं बोलावं, हे कारण मला अपुरं वाटतं. परक्या देशातला अधिकारी आपल्याला ओळखत नसतो. आपलं सरकार आपल्याबद्दल हमी देतं, आणि ती हमी शेवटी आपण केलेल्या निवेदनावर उभी असते. ते निवेदन जितकं खरं, तितका आपल्यामागून येणाऱ्याचा रस्ता सोपा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ‘नकुशा’ या नावाची लाज त्या मुलीची नाहीच. ते नाव ठेवलं घराने, जन्माच्या आणि शाळेच्या दाखल्यावर चढवलं गावाने. तिने ते लपवणं म्हणजे दुसऱ्यांचा दोष स्वतःच्या अंगावर घेणं होय.

पण मग तिने खरं सांगावं आणि बाकीच्यांनी नुसतं पाहावं, हे न्याय्य ठरत नाही. नाव समारंभात बदलतं, नोंदी समारंभात बदलत नाहीत. ग्रामपंचायतीचं जन्म रजिस्टर, शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड या प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र दुरुस्ती लागते, आणि नाव पुरतं बदललं असेल तर राजपत्राचाही खटाटोप. एक कागद राहिला की ती विसंगती पुढे कधीतरी खिडकीवर उघडी पडते, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांनी द्यायला हवं तो प्रश्न विशीतल्या मुलीला रांगेत विचारला जातो.

हे काही नकुशांपुरतं नाही. शाळेत दाखल करताना गुरुजींनी अंदाजाने 1 जून ही जन्मतारीख टाकली, अशी माणसं या भागात घरोघरी सापडतील. कुणाचं काय बिघडलं, असं त्यावर विचारलं जातं. इथे एक भेद करायला हवा. ज्याला खरी तारीख ठाऊकच नाही, तो दाखल्यावरची तारीख लिहितो तेव्हा खोटं बोलत नाही. ज्याच्या जन्मनोंदीत वेगळी तारीख आहे आणि सोयीची तेवढीच जो पुढे करतो, तो मात्र बोलतो. सांगलीच्या खानापूर, आटपाडीतल्या गलाई व्यावसायिकांच्या मुलांची अडचण आणखी निराळी. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ही कुटुंबं देशभर पांगली. मूल जन्मतं तमिळनाडूत, शिकतं विट्यात. तिकडच्या रीतीत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर मुलाच्या नावाआधी लागतं, इकडे मधलं नाव आणि आडनाव लागतं. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या, तरी एकाच मुलाची दोन माणसं होतात.

खेड्यातल्या पोरांना कुठे परदेशी जायचंय, हा आक्षेप आता टिकत नाही. कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्राने 2024 साली जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. नर्सिंग शिकणारी मुलगी साताऱ्याचीही असू शकते. आणि कुणी जावो न जावो, परदेशी जाण्याचं स्वातंत्र्य हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी खटल्यात 1967 सालीच सांगितलं. पासपोर्ट कायदा त्याच वर्षी त्यातून आला. त्याआधी पासपोर्ट देणं न देणं हा सरकारच्या मर्जीचा विषय होता.

सरकार संशयाने पाहतं, मग आपणच का सगळं उघड करावं, असंही कुणी म्हणेल. पोलीस पडताळणीचा जाच अनेकांना होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डिसेंबर 2016 मध्ये नियम बरेच सैल झाले. आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं, विवाहाचा दाखला लागत नाही, अनेक प्रतिज्ञापत्रांच्या जागी साध्या कागदावरचं स्वतःचं निवेदन चालतं. एकट्या आईने वाढवलेल्या मुलीसाठी हा बदल किती मोठा आहे, ते तिलाच ठाऊक. कागदांची सक्ती कमी झाली म्हणजे माणसाच्या शब्दाला मान वाढला. तो मान आपणच खोट्या निवेदनाने घालवला, तर उद्या सगळे दाखले परत मागितले जातील आणि पहिला फटका तिलाच बसेल.

जन्मनोंदीत बाळाचं नाव घालायला पंधरा वर्षांची मुदत असते, ती कित्येक घरांत नुसती निघून जाते. मूल दहावीच्या अर्जावर सही करण्याआधी पालकांनी त्याचा जन्मदाखला, शाळेतली नोंद आणि आधार एकदा शेजारी ठेवून वाचावेत. आणि 2011 साली ज्यांना नवी नावं दिली, त्या मुलींच्या गावच्या ग्रामसेवकांनी व मुख्याध्यापकांनी आपल्याकडचं रजिस्टर उघडून पाहावं. कुठे जुनं नाव राहिलं असेल तर तिला हेलपाटे घालायला न लावता दुरुस्तीचं काम स्वतःहून हाती घ्यावं.