थांबणे हा उपकार आहे का?



राजमाचीहून कोंढाणे लेण्यांच्या वाटेने कर्जतकडे उतरायचे, पुढे पेठचा किल्ला पाहून खांडसहून भीमाशंकर गाठायचे, असे ठरवून आम्ही दोघे मित्र निघालो. पाठीवर शिधा, पाणी, अंथरूण. दोन दिवसांतच मनात हिशेब सुरू झाला : पाणी कोणी भरले, भांडी कोणी घासली, कोणासाठी किती थांबावे लागले.

खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत. शिडी घाटाची जवळची, पण अवघड. गणेश घाटाची लांबची, पण सोपी. आमच्यातल्या एकाला कड्याची भीती. 'तू तिकडून ये, वर भेटू,' असे दुसऱ्याच्या ओठांवर आले होते. पण आम्ही केवळ पोहोचण्यासाठी निघालो होतो का? दोघेही गणेश घाटाने गेलो. चढावर त्या दुसऱ्याचाच गुडघा आखडला, तेव्हा भिणाऱ्याने काही न बोलता त्याचे ओझे आपल्या पाठीवर घेतले. हिशेब तिथेच मिटला.

घरातले म्हातारे आईवडील, अभ्यासात मागे पडलेले मूल यांच्यासाठी आपण थांबतो आणि ते बोलूनही दाखवतो. सोबत म्हणजे मागच्याची चाल आपली मानणे. आज ना उद्या मागे पडणारे आपणच असू. या आठवड्यात आपण कोणाला मागे टाकले, एवढे स्वतःला विचारू या.