रथ कोणता?

माणसाच्या मालकीच्या वस्तू दोन प्रकारच्या असतात. काही आपण विकत घेतो, वापरतो आणि टाकून देतो. त्यांच्याशी आपला संबंध केवळ व्यवहाराचा. दुसऱ्या वस्तू मात्र घरी आल्या दिवसापासून आपल्याकडेच काही मागू लागतात. त्यांना वेळ हवा असतो, पैसा हवा असतो आणि आपल्या स्वभावात असो वा नसो, थोडा धीरही हवा असतो. जुनी मोटार ही या दुसऱ्या जातीची. त्यातून जिच्यात माणूस प्रवास करतो, चहा उकळतो आणि रात्री अंग टाकतो अशी पन्नास-साठ वर्षांची व्हॅन असली, म्हणजे तर मालक कोण आणि मालकीची वस्तू कोण, असा संभ्रम पडावा. हा छंद परवडणारे थोडे. परंतु त्यातून उभा राहणारा प्रश्न सर्वांचा आहे. एखादी वस्तू जतन करायची म्हणजे काय जतन करायचे? तिचे द्रव्य की तिचे कार्य? आणि त्या जतनाचा भार दुसऱ्यांनीही सोसावा असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवू. जगभर जिच्यावर सर्वांत अधिक प्रेम केले गेले ती म्हणजे जर्मनीतील फोक्सवॅगनची व्हॅन. १९४७ साली बेन पोन नावाचा एक डच व्यापारी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात गेला. तेथील कामगारांनी सुटे भाग वाहून नेण्यासाठी छोट्या मोटारीच्या सांगाड्यावर एक सपाट गाडा बनवला होता. तो पाहून पोनने आपल्या वहीत चार रेघा ओढल्या: चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मध्ये सगळी जागा सामानाची. १९५० च्या मार्चमध्ये त्या चार रेघांची गाडी नियमितपणे तयार होऊ लागली. पंचवीस अश्वशक्तीचे, पाण्याऐवजी हवेने थंड होणारे इंजिन. पाववाल्याची, रंगाऱ्याची, भाजीवाल्याची गाडी. तीत कोणताही अभिजात गुण असल्याचा दावा तिच्या निर्मात्यांनी केला नव्हता.

तो कारखाना उभारण्यास नाझी राजवटीत, १९३८ साली, प्रारंभ झाला आणि युद्धकाळात तेथे वेठीला धरलेल्या परदेशी मजुरांकडून काम करून घेतले गेले. त्याच कारखान्यात जन्मलेल्या गाडीच्या तोंडावर पुढे वीस वर्षांच्या आत अमेरिकेतील तरुणांनी शांततेचे चिन्ह रंगवावे, यात नियतीचा उपहास आहे खरा. पण त्याहून अधिक काही आहे. वस्तूला कुळ असते, पण कुळ हे तिचे भवितव्य नव्हे. तिच्याकडून कोणते काम घेतले जाते, यावरच तिचा अर्थ ठरत जातो.

आता अशी गाडी आज ज्याच्या हाती येते त्याची स्थिती पाहा. बाहेरून रंग झकास असतो. आत शिरून पाहावे, तर काचांवरच्या पन्हळीत गंज, तळाच्या पत्र्यात गंज, दाराखालच्या पोकळीत गंज. खराब पत्रा कापावा तितका चांगला पत्रा मागे सरकत जातो, आणि कोठे थांबावे हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही. इंजिन साधे; थोडे बोल्ट सोडले की जॅकवर अलगद खाली येते. पण त्याचा साधेपणा म्हणजे दुर्लक्ष करण्याची मुभा नव्हे. व्हॉल्व्हमधले अंतर दर काही हजार मैलांनी मोजावे लागते. पेट्रोलची वीतभर रबरी नळी जुनी होऊन चिरली आणि पेट्रोल तापल्या इंजिनावर ठिबकले, तर गाडी पेटते. आणि या इंजिनाचे आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्याने ती आग सहज विझतही नाही. काही रुपयांच्या नळीवर सगळा संसार अवलंबून! १९६९ साली जॉन म्यूर नावाच्या एका अमेरिकन अभियंत्याने या गाड्यांच्या दुरुस्तीवर एक पुस्तक लिहिले. ते त्याने तज्ज्ञांसाठी नव्हे, ज्याने हाती कधी पाना धरला नाही अशा माणसासाठी लिहिले. यंत्र हे शरण जाण्याचे दैवत नव्हे आणि हुकूम सोडण्याचा गुलामही नव्हे. त्याचे ऐकावे लागते, असा त्या पुस्तकाचा सूर आहे. दुरुस्ती ही मला म्हणूनच एक नैतिक शिस्त वाटते. तीत थाप चालत नाही. बोल्ट घट्ट बसला किंवा बसला नाही. भाषणाने तो घट्ट होत नाही.

पण पत्रा बदलला, नळ्या बदलल्या, इंजिनही बदलले, मग उरली ती गाडी कोणती? येथे या गाड्यांच्या भक्तांत दोन पंथ पडतात. एक म्हणतो, कारखान्यातून निघाली तशी ती असली पाहिजे. इंजिनावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळला पाहिजे. दुसरा म्हणतो, ती रस्त्यावर धावली पाहिजे, मग आत काहीही घाला. हा वाद ऐकताना ‘मिलिंदपञ्ह’ आठवल्यावाचून राहत नाही. त्या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटतो, आणि नागसेन त्यालाच विचारतो, की आपण पायी आलात की रथातून? रथातून, असे राजा म्हणताच तो एकेका भागाला हात घालतो. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा नाही, नाही म्हणत जातो, आणि शेवटी ‘रथ’ हे या सगळ्या भागांच्या आधाराने चालणारे केवळ एक नाव आहे, या निर्णयावर येतो.

नागसेनाला रथाचे काही नव्हते. त्याला माणसाच्या ‘मी’पणाबद्दल बोलायचे होते. पण रथापुरतेच बोलायचे, तर त्याच्या प्रश्नात एक उत्तर दडलेले आहेच. राजा आला होता. ज्यातून तो आला तो रथ. भाग मोजून सापडत नाही ते प्रवास मोजून सापडते. फोक्सवॅगनच्या या व्हॅन साठाव्या आणि सत्तराव्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, खैबरखिंड अशा वाटेने हिंदुस्थानात येत. काही काठमांडूला जात, काही गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्याशी विसावत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि ती वाट मिटली. तिच्यावरून आलेल्या कोणत्या गाडीत मूळ इंजिन शिल्लक असेल? वाटेत जो मिळाला त्या लोहाराने, जो मिळाला त्या पत्र्याने ती सांधलेली असणार. तरी ती आली, आणि म्हणूनच ती होती.

आपल्या देशात तर हा विचार कोणी ग्रंथातून शिकवण्याची गरज पडली नाही. ‘टेम्पो’ हा शब्द आपण इतका आपला केला, की तो हँबुर्गजवळच्या एका जर्मन कारखान्याचे नाव होता हे आता कोणाच्या ध्यानीही नसते. त्या कारखान्याच्या परवान्यावर बजाज टेम्पोने गाड्या काढल्या. पुढे त्यांची मॅटॅडोर आली आणि तिचेही सामान्यनाम होऊन गेले. शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, भाजीच्या पाट्या, प्रसंगी आजारी माणूस, असे सगळे तिने वाहिले. तिची दुरुस्ती करणाऱ्या फिटरला मूळपणाची चिंता नव्हती. उद्या पहाटे गाडी निघाली पाहिजे, एवढीच चिंता होती. कोणी तिला झाकून ठेवले नाही, आणि ती शेवटी भंगारात गेली. तिच्यावर प्रेम कमी झाले असे मी म्हणणार नाही. गरजेने केलेली दुरुस्ती आणि हौसेने केलेली दुरुस्ती यांत पहिलीला नाव मिळत नाही, इतकाच फरक आहे.

येथवर कार्याच्या बाजूने बोलणे सोपे गेले. अवघड भाग पुढेच आहे.

जुनी गाडी चालवायची म्हणजे तिचा धूरही चालवायचा. त्या इंजिनाला आजच्या गाड्यांसारखी धूर शुद्ध करणारी योजना नाही. चालक पुढच्या चाकांवर बसलेला. त्याचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये एक पत्रा. ब्राझीलमध्ये ही व्हॅन २०१३ च्या अखेरपर्यंत तयार होत होती. पुढील वर्षापासून सुरक्षेच्या नव्या साधनांची सक्ती होणार होती, आणि ती साधने या जुन्या घडणीत बसणारी नव्हती, म्हणून ती बंद पडली. मालक स्वतःचे गुडघे पणाला लावील, तो त्याचा प्रश्न. पण मागच्या सायकलवाल्याने तो धूर का घ्यावा? माझ्या भक्तीची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसाने मोजायची असेल, तर ती भक्ती नव्हे. ती उधारी आहे.

राज्यकर्त्यांनी या पेचातून आपापल्या परीने वाट काढली आहे. जर्मनीत १९९७ पासून, तीस वर्षांहून जुनी आणि बहुतांशी मूळ रूपात सांभाळलेली गाडी असेल तर तिच्या क्रमांकापुढे ‘एच’ हे अक्षर मिळते आणि तिला चालण्याची सवलत असते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. मात्र चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि गाडी प्रदर्शनाला, शर्यतफेरीला, दुरुस्तीला वा पेट्रोल भरायला न्यावी. रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी नाही. मिलिंदाला जे सांगता आले नाही ते आपल्या कायद्याने एका वाक्यात सांगून टाकले: रथ म्हणजे चेसिस, सांगाडा आणि इंजिन! आणि त्याच वाक्याच्या पुढे, तो रथ राहील, पण फारसा चालणार नाही, हेही सांगितले.

कायद्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मोजता येईल असेच काही लिहावे लागते. पण नीतीचा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही. मला वाटते, ज्याला गाडीचे कार्य जपायचे आहे त्याने दोन गोष्टी पत्करल्या पाहिजेत. पहिली, कमी चालवणे, आणि चालवायची तेव्हा इंजिन स्वच्छ जळेल असे ठेवणे. दुसरी अधिक जड आहे. तिच्या रूपात भर घालावी लागली तर घालणे: मुळात नसलेले पट्टे बसवणे, आणि प्रसंगी ते इंजिनच काढून विजेची मोटार बसवणे. हे आता केवळ कल्पनेतले नाही. २०२० साली खुद्द फोक्सवॅगननेच १९६६ ची एक व्हॅन विजेवर चालवून दाखवली. त्या गाडीत तो ओळखीचा फटफट आवाज नाही. ज्यांनी त्या आवाजावर प्रेम केले त्यांना ते प्रेतासारखे वाटेल, आणि त्यांचे दुःख खोटे नाही. पण जो कार्य हाच प्राण मानतो त्याला आवाजासाठी हट्ट धरता येत नाही. प्रिय वस्तूला परक्यासाठी बदलू देणे ही मालकीची खरी परीक्षा आहे. ज्याला ते जमत नाही, तो वस्तूवर नव्हे, आपल्या आठवणीवर प्रेम करीत असतो.

तर मग मूळ द्रव्याला काहीच मोल नाही का? एका गाडीपाशी मला थांबावे लागते. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातील जॉन्स बेटावर इसॉ जेंकिन्स नावाचा कृष्णवर्णीय कार्यकर्ता होऊन गेला. तो आपल्या माणसांना बसमधून चार्ल्सटनला कामावर नेत असे, आणि मतदार म्हणून नाव नोंदवायला जी घटनेची कलमे वाचून दाखवावी लागत ती त्यांना प्रवासातच शिकवीत असे. पुढे त्याच्याकडे १९६६ ची फोक्सवॅगन व्हॅन आली. तिच्या पत्र्यावर त्याने प्रेम आणि द्वेष यांविषयीचे आपले बोधवाक्य रंगवले. १९७२ साली तो वारला, आणि ती व्हॅन वर्षानुवर्षे उघड्यावर गंजत राहिली. अखेर वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेने तिचे रंगवलेले काही पत्रे संग्रहात घेतले. त्या पत्र्यांवर नवा रंग द्यावा असे कोण म्हणेल? तेथे गंजसुद्धा पुरावा आहे. हाताने काढलेले ते अक्षर दुसऱ्या हाताने गिरवले, तर अक्षर राहील आणि हात जाईल.

हा माझ्या म्हणण्याला अपवाद नाही, असे मला विचारांती वाटते. त्या गाडीचे माणसे वाहण्याचे काम संपले आहे. आता तिचे काम साक्ष देण्याचे आहे, आणि साक्षीदाराचे शब्द बदलायचे नसतात. म्हणजे द्रव्य की कार्य, असा प्रश्न सर्व वस्तूंना एकदाच विचारून भागत नाही. या वस्तूकडे आज कोणते काम आहे, हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते. जिच्याकडे साक्षीचे काम आहे तिला हात लावू नये. जिच्याकडे प्रवासाचे आहे तिला झाकून ठेवू नये. आणि जिच्याकडे यांतले काहीच नाही, केवळ मालकाच्या दिवाणखान्याची शोभा वाढवण्याचे आहे, तिच्याविषयी जतन हा शब्द वापरू नये.

अशा गाडीचा मालक हा अनेकांतला एक असतो. त्याच्या आधी कोणी तिच्यात पाव वाहिले, कोणी मुले निजवली. त्याच्या नंतरही कोणी तिच्याखाली आडवा होऊन तोंडावर गंजाची भुकटी घेईल. जाणता मिस्त्री जुना बोल्ट पुन्हा बसवताना त्याच्या आट्यांना थोडे ग्रीस लावतो. त्याच्या स्वतःच्या कामाला त्याची गरज नसते. बोल्ट तसाही घट्ट बसतोच. ते ग्रीस वीस वर्षांनी तो सोडवणाऱ्या माणसासाठी असते, आणि तो माणूस कोण असेल, हे मिस्त्रीला ठाऊक नसते.