धोका आधी सांगा

‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये, परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे.’ दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याबद्दल परवा पुन्हा हेच वाक्य. कोण बोललं ते सांगत बसत नाही, दर वेळी कोणीतरी हेच बोलतं. लोकांनी नेमकी काय काळजी घ्यायची, असं एका पत्रकाराने सरळ विचारलं. त्यावर उत्तर आलं, की जास्त तपशील दिले तर घबराट पसरेल.

मला या उत्तराचा मनापासून संताप येतो, आणि वय वाढतं तसा तो वाढतोच आहे. ‘घाबरू नका’ या दोन शब्दांत माणसाला करता येईल असं काहीच नसतं. कुठे जायचं नाही, कोणत्या वाटेने बाहेर पडायचं, मुलांना शाळेतून आणायचं की तिथेच ठेवायचं, फोन लागला नाही तर कुठे भेटायचं, यातलं काहीही कळत नाही.

प्रत्येक हल्ला रोखता येत नाही, हे सत्य आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सकाळी नऊ वाजता उभे राहून पाहा. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून माणसांचा लोंढा सरकत असतो, चौकट एकसारखी वाजत असते आणि एकही मान वळत नाही. वाळूच्या पोत्यांआड बसलेला जवान वर बघत नाही, कारण त्याने बघायचं ठरवलं तर गर्दी फलाटावर तुंबेल आणि लोकल सुटतील. लाखो माणसांच्या पिशव्या तपासणं कोणालाही शक्य नाही. हे त्या जवानाला माहीत आहे, प्रवाशाला माहीत आहे, मंत्र्यालाही माहीत आहे. मंत्री मात्र ते हल्ला होऊन गेल्यावरच बोलतो.

२६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर आर. आर. पाटील काय बोलले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. मोठ्या शहरांत असे छोटे प्रकार होतात, अशा अर्थाचं एक फिल्मी वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि १ डिसेंबरला गृहमंत्रिपद गेलं. आर. आर. आबा साधे होते, स्वच्छ होते, पोलीस शिपायाचं दुःख त्यांना कळायचं. म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. १३ जुलै २०११ला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरला स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी राहुल गांधी भुवनेश्वरमध्ये म्हणाले, की प्रत्येक हल्ला थांबवणं फार कठीण आहे, नव्याण्णव टक्के आपण थांबवतो. वाक्य खरंच होतं. पण ते ऐकायला लागलं तेव्हा झवेरी बाजारातलं रक्त नुकतं धुतलं गेलं होतं. शस्त्रक्रियेत काय धोका आहे हे डॉक्टर आधी सांगतो, कागदावर सही घेतो. तेच त्याने नंतर व्हरांड्यात येऊन सांगितलं तर नातेवाईक त्याची कॉलर धरतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हल्ल्याआधी सांगितलेला धोका माणसाला सावध करतो. हल्ल्यानंतर सांगितला तर ती अंग काढून घेण्याची सबब होते.

मग आधी का सांगत नाहीत? इथे ते एकच कारण पुढे येतं: लोक घाबरतील. या कारणाला मी आज सोडणार नाही.

कोणते लोक घाबरतील? ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८०हून अधिक माणसं गेली. रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना गाड्यांपर्यंत नेलं. तेव्हा त्यांना ‘घाबरू नका’ सांगायला कोणी आलेलं नव्हतं. २००८च्या हल्ल्यात सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उपनगरी फलाटांकडच्या उद्घोषकाने ध्वनिक्षेपक सोडला नाही. इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्याच्या केबिनवर गोळी आली तरी सांगत राहिला. लोकांनी ऐकलं आणि ते त्या वाटेने बाहेर पडले. त्या रात्री त्या स्थानकात पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. त्या उद्घोषकाचा आवाज नसता तर किती गेली असती याचा विचार करवत नाही. लोक घाबरतील म्हणून तो गप्प बसला असता तर?

सगळ्यात मोठा पुरावा १९९३चा आहे. १२ मार्चला मुंबईत एकामागोमाग एक स्फोट झाले, २५७ माणसं मेली. शरद पवारांना मुख्यमंत्री होऊन आठवडाही झाला नव्हता. स्फोट झालेले भाग बहुतेक हिंदू वस्तीचे आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींची राख अजून गरम होती. त्यांनी दूरदर्शनवरून मशीद बंदरला, म्हणजे मुस्लिम वस्तीतही, स्फोट झाल्याचं सांगितलं. तो झालेलाच नव्हता. पुढे त्यांनी स्वतः हे जाहीरपणे कबूल केलं. राज्यकर्त्याने खोटं बोलावं का, यावर तेव्हापासून वाद चालू आहे आणि तो मी मिटवू शकणार नाही. त्या संध्याकाळी त्या खुर्चीत बसून मी वेगळं काही केलं असतं, असं छातीठोकपणे सांगवत नाही. पण त्या प्रसंगातली एक गोष्ट कोणी बोलत नाही. पवारांनी धोका कमी करून सांगितला नाही, उलट एक स्फोट वाढवून सांगितला. तरी शहर उधळलं नाही. स्फोट शुक्रवारी झाले आणि ज्या इमारतीत पहिला स्फोट झाला तो शेअर बाजार सोमवारी उघडला. लोक वाईट बातमीने कोसळतात म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

उलट माणूस बिथरतो तो कोणीच काही सांगत नाही तेव्हा. मे २०२५मधल्या भारत-पाकिस्तान लढाईच्या त्या रात्री आठवा. वाहिन्यांवर भोंगे वाजत होते, कुठलं शहर पडलं आणि कुठलं बंदर बुडालं याच्या बातम्या तासातासाला येत होत्या, आणि सकाळपर्यंत त्यातल्या कित्येक विरून गेल्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यरात्री कोणीतरी पाणी भरून ठेवायला सांगितलं आणि अर्धी इमारत जागी झाली. नागरी संरक्षणाचे भोंगे कार्यक्रमांत वाजवू नका, असं अखेर सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं. खरा भोंगा वाजला तर कोणी मान वर करणार नाही, अशी वेळ येऊ नये म्हणून. त्याच दिवसांत परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह समोर येऊन बोलत होते. वेळ, ठिकाण, काय लक्ष्य केलं, काय टाळलं, सगळं आवाज न चढवता. ते बोलायचे तेव्हा घरात शांतता असायची. आणि मग १० मेच्या संध्याकाळी लढाई थांबल्याचं आपल्याला आधी ट्रम्प यांच्याकडून कळलं, मिस्री नंतर आले. ही गोष्ट मला अजून सलते.

गुप्ततेचं कारणही देतात. अतिरेक्यांना कळू नये ते सांगू नका, कोणी मागितलेलंच नाही. ‘तपास सुरू आहे’ हेही ठीक. तपास सुरू असताना बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे हे सांगायला कोणाची हरकत असते?

‘हाय अलर्ट’ या शब्दावरही माझा जुना राग आहे. वर्षाचे बारा महिने हाय अलर्ट असलेल्या शहरात त्या शब्दाला काय किंमत उरते? अमेरिकेने २००२ साली धोक्याचे पाच रंग ठरवले. नऊ वर्षांत देशाचा रंग पिवळ्याच्या खाली एकदाही आला नाही आणि २०११मध्ये ती पद्धत गुंडाळावी लागली. रंग सांगितला, करायचं काय ते सांगितलं नाही. सिंगापूरने २०१६पासून दुसरी वाट धरली. हल्ला होईल का, हा प्रश्नच नाही. कधी होईल एवढाच आहे, असं तिथलं सरकार उघड म्हणतं आणि त्याच दमात पळायचं कसं, लपायचं कुठे, कळवायचं कोणाला, रक्त थांबवायचं कसं हे लोकांना शिकवतं. त्यामुळे सिंगापूर घाबरून ओस पडलेलं नाही.

आपल्याकडे पहलगामचा हल्ला झाला. काश्मीर आता निर्धास्त आहे, या, फिरा, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. बैसरनच्या कुरणापर्यंत गाडी जात नाही, पायी किंवा घोड्यावरून जावं लागतं, आणि २२ एप्रिल २०२५ला तिथे सुरक्षा दल नव्हतं. २६ जण मारले गेले. त्यातले सहा आपले होते, डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे. सुरक्षेत चूक झाली आणि जबाबदारी माझी, असं नायब राज्यपाल मनोज सिन्हा म्हणाले ते जुलैत. म्हणाले हे चांगलंच झालं, पुष्कळ जण तेवढंही म्हणत नाहीत. पण त्या कुरणात बंदोबस्त नाही एवढं एक वाक्य एप्रिलमध्ये पहलगामच्या घोडेतळावर कोणी सांगितलं असतं, तर काही कुटुंबं तिथूनच मागे फिरली असती. ते ठरवण्याचा हक्क त्यांचा होता.

नेत्याने सगळं रोखण्याचं वचन देऊ नये, कारण ते त्याला पाळता येणार नाही. काय जमत नाही ते मात्र सांगावं. तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण २०११च्या स्फोटांनंतर म्हणाले होते, की मोबाइल यंत्रणा तुंबल्यामुळे पंधरा मिनिटं मुख्यमंत्र्यालाच वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांशी बोलता येत नव्हतं. त्या सगळ्या काळात एका नेत्याने सांगितलेली सर्वांत उपयोगी गोष्ट मला हीच वाटते. मुख्यमंत्र्याचा फोन लागत नसेल तर आपलाही लागणार नाही, म्हणून कुठे भेटायचं ते घरी आधीच ठरवून ठेवावं, हे त्या दिवशी कोणालाही कळलं असतं.

गणपतीच्या आधी पोलीस, पालिका आणि मंडळांच्या बैठका होतात. यंदा गृहमंत्र्यांनी त्यानंतर कॅमेऱ्यासमोर यावं आणि एवढंच सांगावं: इतक्या गर्दीत प्रत्येकाची झडती घेणं आम्हाला जमणार नाही, आम्ही हे करतो आहोत, हे आमच्या हातात नाही, काही झालं तर या रस्त्यांनी बाहेर पडा, या रुग्णालयांत जा, ११२ला फोन करा, मुंबईत पालिकेला १९१६वर कळवा. दहा मिनिटं पुरतील. आणि वाचकहो, तुमचा नगरसेवक वर्गणीच्या निमित्ताने दारात येईल तेव्हा त्याला मंडपाची मागची वाट कुठे आहे ते विचारा. त्याला सांगता आली नाही, तर ती मोकळी करून घेतल्याशिवाय पावती फाडू नका.