खेळाचा धनी कोण?

खेळाची मालकी कोणाची असू शकते, हा व्यापाराइतकाच तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. मैदान विकत घेता येते, फाटकावर तिकीट लावता येते, खेळाडूशी करार करता येतो. झुंज पाहताना हजारो माणसांच्या अंगात संचारते ते मात्र कोणत्याही खरेदीखतात मावत नाही, आणि सारा पैसा त्याच्याच जोरावर उभा राहतो.

युरोपात या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे दिसतात. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल क्लब घेतला, तेव्हा खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच माथी आला. तिकिटे आणि प्रक्षेपणाच्या हक्कांतून आलेला पैसा व्याजात जाऊ लागला. जर्मनीत 1998 पासूनचा सर्वसाधारण नियम असा, की फुटबॉल क्लबमधली निम्म्याहून एक जास्त मते सभासदांच्या हाती राहावीत. बार्सिलोना तर सर्वस्वी सभासदांचा क्लब. तरीही 2022 मध्ये त्याच्या स्टेडियमच्या नावाला स्पॉटिफायचे नाव जोडले गेले. धनी अनेक झाले म्हणून विकण्याचा मोह सुटतोच असे नाही.

आपल्याकडच्या यात्रांत याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी, घोड्यांचा बाजार आणि त्यातच कुस्त्यांची दंगल. लातुरात महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेतही आखाडा रंगतो. हलगी कडाडते, पैलवान माती कपाळाला लावून उतरतो. व्यवस्था माणसे पाहतात. माळेगावात जिल्हा परिषदच पुढाकार घेते. पण यात्रा कोणाची असे विचारले, तर उत्तर एकच येते: देवाची.

हे उत्तर नुसते भाविकपणाचे नाही. देवमूर्तीला कायद्याने स्वतःचे व्यक्तित्व आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्ये मान्य केले. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरू ग्रंथ साहिबालाही तोच दर्जा दिला. ज्या नांदेडमध्ये 1708 साली गुरू गोविंदसिंहांनी गुरुगादी ग्रंथाकडे सोपवली, तिथे या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको. देव धनी म्हटला की माणसाकडे उरते ती वहिवाट: सांभाळायचे, हिशेब द्यायचा, मन मानेल तसे विकायचे नाही. ईशोपनिषदाची त्यागपूर्वक भोगाची शिकवण आणि गांधीजींची विश्वस्तवृत्ती इथेच येऊन मिळतात. खेळाला शोभणारी मालकी हीच.

तिच्यातली उणीवही खरी आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी आणि पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले. लातूरच्या मातीतला हा मल्ल घडला मात्र कोल्हापूरच्या तालमीत, जिथे शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला होता. यात्रेचे इनाम वर्षातून एकदा हाती पडते. दूध, तूप, बदाम रोज लागतात. देवाच्या नावाने जमलेली गर्दी पांगल्यावर पैलवानाच्या खुराकाची जबाबदारी कोणावर, हे देव धनी आहे एवढ्याने ठरत नाही.

ते ठरवण्याची चौकट हाताशी आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना 1950 च्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात. यात्रांतील देणग्यांचा ठरावीक वाटा गावोगावच्या तालमींसाठी राखून त्याचाही हिशेब तसाच जाहीर केला, तर देवाचे धनीपण अबाधित राहील आणि खुराकाचा खर्च एकट्या पैलवानाच्या घरावर पडणार नाही.